पोर्शन देणे आहे

हैदराबादच्या माणसाला परगावी जायचं तर गाव सोडावं लागत नाही. बरकतपुऱ्यातून उठून कोंडापूरला राहायला गेलं तरी भागतं. नकाशात हे अंतर वीसेक किलोमीटर दिसतं. नकाशाला काय जातंय! संध्याकाळी सहाच्या सुमाराला आपण घरून निघावं आणि त्याच वेळी काचीगुडा स्टेशनातून नांदेडकडे गाडी सुटावी. आपण कोंडापूरच्या लिफ्टपाशी पोचेपर्यंत गाडीतल्या लोकांना कामारेड्डीचे दिवे दिसू लागलेले असतात. बरकतपुऱ्यात दूधवाल्याशी दखनीत भांडता येतं. कोंडापूरला दूध ॲपवरून दारात येऊन पडतं, भांडायला माणूसच नाही.

तरी जायचं ठरलं. लेक-जावई तिथल्या एका गेटेड कम्युनिटीत बाराव्या मजल्यावर राहतात. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्यानं मिळत होता, आणि आमच्या दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी कामाचे दोनच उरले आहेत. तेही दोन्ही एकाच माणसाचे नाहीत. हा निर्णय एका संध्याकाळी, पिठलं शिजता शिजता झाला. जुन्या घराचं काय करायचं, याचा मात्र कित्येक महिने काथ्याकूट चालला.

घर वडिलांनी साठच्या दशकात बांधलेलं. खाली तीन खोल्या, पुढे ओसरी, मागे पेरू आणि कढीपत्ता. वर नंतर चढवलेल्या दोन खोल्या. आमच्याकडे भाड्याच्या बिऱ्हाडाला पोर्शन म्हणतात, आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली असली तर तिला बेधडक पेंटहाउस. तसं आमच्याकडे पेंटहाउससुद्धा आहे. त्यात तुटक्या खुर्च्या राहतात.

अशा वेळी माणसाला तीन सल्ले मिळतात. विका, डेव्हलपमेंटला द्या, किंवा भाड्यानं द्या. चौथा सल्ला कुणी देत नाही, पण तो आपल्याच मनात ठाण मांडून बसलेला असतो: कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा.

विकण्याचा प्रश्न नव्हता. डेव्हलपमेंटवाला येऊन गेला. ओसरीवर बसून त्यानं आमचं घर कागदावर पाडलं, पाच मजले चढवले, अर्धे फ्लॅट आम्हाला दिले, आणि आम्ही ज्या जागी बसलो होतो तिथे सेलर पार्किंग येईल असं सांगितलं. ही म्हणाली, "चहा तरी पिऊन घ्या, मग पाडा." तो विषय तिथे संपला.

उरले दोन पक्ष. मी कुलुपाचा, ही भाड्याची.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याची नोकरी केली, त्यामुळे माझी बाजू आकड्यांत मांडली. बिल्डरनं तोंडी सांगितलेली किंमत दोन कोटी. सगळं घर दिलं तर भाडं फार तर चाळीस हजार. म्हणजे वर्षाला चार लाख ऐंशी हजार, किमतीवर अडीच टक्केसुद्धा नाहीत. बँकेतली साधी मुदत ठेव याच्या दुपटीहून जास्त देते आणि तिच्या भिंतींना ओल येत नाही. तेव्हा उत्पन्नासाठी घर भाड्यानं देणं हा शुद्ध भ्रम आहे, सबब कुलूप. हिनं शांतपणे विचारलं, "आणि कुलपावर किती टक्के मिळतात?" शिवाय तिनं एक आकडा पुढे सरकवला, जो मी माझ्या तक्त्यात घेतला नव्हता. कोंडापूरच्या फ्लॅटचं भाडं पंचेचाळीस हजार. इथला अंगणासकटचा एक मजला पंचवीसला जातो आणि तिथे अंगणाऐवजी बाल्कनीत दोन कुंड्या ठेवायला वीस हजार जास्त. म्हणजे आम्ही एकाच महिन्यात भाडेकरू होणार होतो, आणि मालकही व्हावं अशी परिस्थिती होती.

दोन्ही पागोटी एकाच डोक्यावर चढवणारे आमच्या घराण्यात आम्ही पहिले नव्हतो. हैदराबादच्या मराठी माणसांना हा प्रश्न एकदा घाऊक प्रमाणात पडून गेला आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी निजामाच्या जुन्या राज्याचे तीन भाग झाले. तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आणि कानडी जिल्हे म्हैसूरकडे. जिल्हे कागदावर वाटता येतात. कचेऱ्यांतल्या माणसांचं काय? तर फायली वाटल्या तशी माणसंही वाटली गेली. सुलतान बाजार, गौलीगुडा, काचीगुडा इथल्या कितीतरी मराठी घरांत एक भाऊ इकडे आणि एक तिकडे झाला. 1907 साली निघालेल्या विवेकवर्धिनीच्या बाकांवर शेजारी बसलेली मुलं मोठेपणी दोन राज्यांचे नोकर झाली.

आमच्या काकांच्या वाट्याला मुंबई आली. त्यांनी नुकतंच काचीगुड्याला लहानसं घर घेतलं होतं. "दोन-चार वर्षांत बदली करून घेतो," असं म्हणून त्यांनी ते कचेरीतल्याच एका तेलुगू सहकाऱ्याला चाळीस रुपये भाड्यानं दिलं. ओळखीतला माणूस, कागद कशाला? माणूस खरोखर सज्जन निघाला. दर महिन्याच्या सात तारखेच्या आत मनिऑर्डर. कूपनाच्या चिमूटभर जागेत तो घराचा वृत्तान्तही लिहायचा: मागच्या भिंतीला चुना काढला, तीन रुपये वजा; मोरी तुंबली, दोन रुपये वजा. साठ साल गेलं, सत्तर साल गेलं. भाडं चाळीसाचं साठ झालं ते काकूंनी स्वतः हैदराबादला येऊन दोन दिवस मुक्काम ठोकला म्हणून. काका मुंबईत बसून त्या सहकाऱ्याच्या नावानं बोटं मोडायचे. "साठ रुपयांत हल्ली सायकल मिळत नाही, आणि हा तीन खोल्यांत राहतो!"

हे ते कुठल्या खोलीत बसून म्हणायचे? गिरगावातल्या एका चाळीत. पागडी देऊन घेतलेल्या त्या खोलीचं भाडं 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं असं गोठवून ठेवलं होतं की, त्यांचा मालक जिन्यात भेटला तर नमस्कारही करत नसे. त्या मालकाबद्दल काकांचं मत असं: "त्याला काय कमी आहे? एवढी चाळ आहे त्याची!" एकाच माणसानं एकाच आठवड्यात एक मनिऑर्डर घेऊन अन्याय सोसावा आणि एक भाडं भरून न्याय मिळवावा, यातली गंमत काकांना शेवटपर्यंत दिसली नाही. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्यांनी ते घर त्या सहकाऱ्याच्या मुलालाच विकलं. किती रुपयांना, हा विषय काकूंसमोर काढायचा नसे.

काकांचे चिरंजीव आता पुण्यात असतात. मी त्यांना फोन केला. चुलतभावाचं उत्तर तयारच होतं. "भाडेकरू? वेडा आहेस का? एक फेब्रुवारी त्र्याहत्तर विसरलास?" मी विसरलो नव्हतो, कारण मला ते माहीतच नव्हतं. मुंबईच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांच्या ज्यांच्या नावावर चालू 'लिव्ह अँड लायसन्स' होतं, ते सगळे संरक्षित भाडेकरू ठरले. पाहुणे म्हणून झोपले आणि उठले ते घरचे होऊन. महाराष्ट्रातल्या घरमालकांच्या पुढच्या दोन पिढ्यांना बाळगुटीबरोबर ही तारीख पाजली गेली असावी. 1999 चा नवा कायदा आला, करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक झालं, पोलिसांकडे माहिती देणं आलं. तरी पुण्या-मुंबईत हजारो फ्लॅट बंद राहतात, त्यामागे ही त्र्याहत्तरची धास्ती थोडीफार असणारच.

मी म्हटलं, "अरे, इथे तो कायदा नाही. इथे अकरा महिन्यांचा करार करतात." तो म्हणाला, "अकराच का? बाराला काय झालं?" हिशेबनीस माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी सांगितलं की 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांचा केला की नोंदणीचा खर्च आणि खेटे वाचतात. सगळा देश बारावा महिना कायद्याच्या हद्दीबाहेर ठेवून राहतो आहे. यावर चुलतभाऊ थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बघ बाबा. तुमच्याकडे निजामाची रीत."

निजामाची रीत म्हटल्यावर हिला नवं हत्यार मिळालं. फलकनुमा महाल वकार-उल-उमरा या पायगा अमिरानं 1884 मध्ये बांधायला घेतला. पुरा व्हायला नऊएक वर्षं गेली आणि तेवढ्यात उमराव कर्जात बुडाले. मग सहावे निजाम महबूब अली खान मुक्कामाला आले, त्यांना हवा मानवली, मुक्काम लांबला, आणि उमरावसाहेबांनी अदबीनं महालच नजर केला, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. पाहुणा उठेना तेव्हा घर देऊन मोकळं होण्याचा हा प्रकार, पुण्याच्या त्र्याहत्तरच्याही आधीचा. पण हिचा मुद्दा पुढचा होता. त्या महालात 101 जण एका वेळी जेवायला बसतील एवढं टेबल आहे. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद राहून गेले आणि त्यानंतर महाल जवळजवळ बंदच पडून राहिला. वाळवी, कबुतरं, ओल; जे बंद घरात होतं ते सगळं तिथेही झालं. शेवटी निजामाच्या वारसांनी तो ताज हॉटेलवाल्यांना भाडेपट्ट्यानं दिला, दुरुस्तीत दहाएक वर्षं गेली आणि 2010 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे हॉटेल सुरू झालं. "निजामानं दिलं," ही म्हणाली, "तुमच्या ओसरीचं काय घेऊन बसलात?"

आमच्या घराजवळच किंग कोठी आहे. ती कमाल खान नावाच्या माणसानं बांधली आणि दारा-खिडक्यांवर आपली इंग्रजी आद्याक्षरं, के. के., कोरून ठेवली. पुढे ती सातव्या निजामाकडे आली. दुसऱ्याची अक्षरं असलेल्या घरात राजानं कसं राहावं? तर अक्षरं न खोडता कोठीचंच नाव किंग कोठी केलं, असा किस्सा आहे. मला तो निजाम फार आवडतो. एवढी श्रीमंती असून सुताराचे पैसे वाचवले. आमच्या दारावर वडिलांचं नाव संगमरवरात आहे. येणाऱ्या भाडेकरूचं आडनाव जुळेल अशी आशा मी धरली नव्हती, पण पाटी काढायची नाही ही अट मात्र मनात पक्की केली.

अशा रीतीनं मी हरलो. तह असा झाला: वरचा पोर्शन कुलपात, खालचा भाड्यानं. वर काय ठेवायचं यावर नवी लढाई. मी म्हणालो महत्त्वाचं तेवढंच. त्याप्रमाणे महत्त्वाची पितळी भांडी, महत्त्वाची दिवाळी अंकांची थप्पी, महत्त्वाचा पण बंद पडलेला मिक्सर आणि सासूबाईंचं शिवणयंत्र वर गेलं. घर भाड्यानं द्यायला काढल्याशिवाय आपल्याकडे किती वस्तू निरुपयोगी पण महत्त्वाच्या आहेत ते कळत नाही.

मग ब्रोकर आला. गल्लीतल्या लिंबाखाली स्कूटर लावून, घराभोवती एक चक्कर मारून, नारायणगुड्याचं मेट्रो स्टेशन चालत किती मिनिटांवर ते त्यानं मोबाइलवर बघितलं. ही मेट्रो 2020 च्या फेब्रुवारीत आमच्या बाजूला आली. सुलतान बाजारच्या दुकानदारांनी बाजार मोडेल म्हणून तिच्याविरुद्ध किती आंदोलनं केली होती! आता तिच्यामुळे भाडं दोन हजारांनी चढतं म्हणे. मग त्यानं वही काढली आणि तोंडपाठ प्रश्न विचारला, "साब, किन लोगां को नई देना, पहले बोल देव. बाद में खिटपिट नक्को."

पाटीवर 'टू-लेट, फॅमिली ओन्ली' एवढंच लिहिलेलं असतं. न लिहिलेलं सगळं ब्रोकरच्या वहीत असतं. त्यात जात असते, धर्म असतो, स्वयंपाकघरातला वास असतो, एकटी बाई असते, एकटा पुरुष असतो. चारशे वर्षं सगळ्या मुलखांची माणसं पोटात घेतलेल्या गावात घर शोधणाऱ्याला आधी गाळणीतून जावं लागतं, आणि ती गाळणी आपल्यासारखीच सभ्य माणसं धरून बसलेली असतात. माझे वडील परभणीहून आले तेव्हा सुलतान बाजारात एका कायस्थ लालाजींच्या माडीवर राहिले. लालाजींच्या घरी रविवारी काय शिजायचं ते वडिलांना वासानं कळायचं आणि वडिलांच्या घरी काय शिजत नाही हे लालाजींना. कुणाचं काही बिघडलं नाही. मी काय उत्तर द्यावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात ही आतून म्हणाली, "जो किराया नई देता, उसको नई देना." ब्रोकरनं वही मिटली. इतकी छोटी यादी त्याला आजवर कुणी दिली नसावी.

माणसं येऊ लागली. आमची कल्पना होती की आपण त्यांची मुलाखत घेणार. घेतली त्यांनी. पहिले गृहस्थ दारातच थांबले, खिशातून होकायंत्र काढलं, स्वयंपाकघर वायव्येला आहे म्हणून हळहळले आणि आत न येताच गेले. आमचा सगळा संसार वायव्येला शिजला, तो कसा शिजला असेल याची त्यांना फार काळजी वाटलेली दिसली. नंतर अशोकनगरहून चार मुलं आली. अशोकनगर म्हणजे स्पर्धा परीक्षांचं गाव. ग्रुप वन, ग्रुप टूची तयारी करणारी पोरं तिथल्या खोल्यांत आणि चिक्कडपल्लीच्या सेंट्रल लायब्ररीत दिवस काढतात. चौघं नम्र, अभ्यासू. मला ती पसंत होती. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ओसरीत आणखी सहा जण झोपले तर चालेल का.

मग हॉस्टेलवाली बाई. तिला खाली-वर दोन्ही हवं होतं. भाडं दीडपट देणार होती. तिच्या बोलण्यातून आमच्या घराचं चित्र उभं राहिलं: माझ्या अभ्यासाच्या खोलीत तीन पलंग, देवघरात दोन, ओसरीला पत्र्याची भिंत घालून आणखी चार. मी पटकन आकडेमोड केली; किमतीवर साडेतीन टक्के पडत होते. मान वर केली तर ही माझ्याकडेच बघत होती. मी कागद खिशात घातला.

घरून काम करणारं एक जोडपं आलं. त्यांना इंटरनेटचा वेग हवा होता आणि शांतता. शांतता म्हणजे काय, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं: शेजारची अजान, मागचं भजन, समोरच्या आंटींची वाटणाची मशीन आणि काचीगुड्याची गाडी, यांपैकी काही नको. हे सगळं नसलेला बरकतपुरा मीही अजून पाहिलेला नाही.

प्रत्येक वेळी माणूस गेल्यावर ही काहीतरी खोट काढायची. ते फार बोलतात. ते बोलतच नाहीत. बाई चांगली आहे, पण तिनं कढीपत्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आम्हाला भाडेकरू नको होता, आम्ही हवे होतो. चाळिशीतले, दोन मुलांचे, संध्याकाळी ओसरीत बसणारे, दिवाळीला किल्ला करणारे, पेरूवर पोपट आला तर हाकलावा की नाही यावर वाद घालणारे. आणि गंमत अशी की तसे आम्ही आज समोर उभे राहिलो असतो, तर हिनं नाकारलं असतं. भिंतीत किती खिळे ठोकले होते मी!

याच दरम्यान आमचीही मुलाखत झाली. कोंडापूरच्या फ्लॅटचा मालक डॅलसला असतो. तिकडची रात्र, इकडची सकाळ. पडद्यावर एक तरुण तेलुगू चेहरा आला आणि अत्यंत आदरानं विचारू लागला: अंकल, दोघंच का? पाहुणे किती येतात? भिंतीला खिळे मारणार का? ही पडद्याबाहेरून मला खुणा करत होती की सरळ बसा. मी निवृत्त माणसाच्या चेहऱ्यावर जितकं गांभीर्य येतं तितकं आणलं. मालक परदेशी असला की दर महिन्याच्या भाड्यातून कर कापून सरकारात भरायची जबाबदारी भाडेकरूवर असते, हे त्याला माझ्याकडून कळलं आणि तो खूश झाला. त्याला भाडेकरू नव्हे, फुकटचा हिशेबनीस मिळाला होता. दोन महिन्यांचं डिपॉझिट ठरलं. बेंगळुरूला दहा-दहा महिन्यांचं मागायची चाल होती असं ऐकून आहे. त्या मानानं आमचं गाव अजून माणसात आहे.

एवढ्यात आषाढ लागला. तेलुगू लोकांत आषाढ हा शून्यमास, त्यात कुणी घर बदलत नाही. ब्रोकरचा फोन बंद झाला. गल्लीत बोनालूच्या सणाचे ढोल वाजू लागले, आमचं निघणं पुढे ढकललं गेलं आणि रिकाम्या होत चाललेल्या घरात आम्ही दोघं महिनाभर फुकट राहिलो, कारण कोंडापूरचा मालक डॅलसला असला तरी आषाढ पाळत होता. तो महिना मला फार आवडला. सामान वर गेल्यानं खाली चालायला जागा झाली होती. अशा सुटसुटीत घरात आम्ही पूर्वीच राहायला हवं होतं.

श्रावणात लातूरची मुलगी आली. कोठी भागातल्या एका बँकेत नोकरी, नवरा वरंगलचा, अशोकनगरच्या क्लासमध्ये अर्थशास्त्र शिकवणारा. मराठी ऐकून हिचा चेहरा उजळला, पण मुलीनं सांगून टाकलं, "काकू, आमच्याकडे मटण होतं, रविवारी." ही म्हणाली, "पेरूखाली चूल मांडू नकोस म्हणजे झालं." मुलीनं होकायंत्र काढलं नाही, इंटरनेट विचारलं नाही. पाणी किती वेळ येतं, एवढाच प्रश्न. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती शाळेत होती. घागरी घेऊन टँकरमागे धावलेली. मी सांगितलं की हैदराबादला मांजरेचंही पाणी येतं, म्हणजे तिच्या जिल्ह्यातून वाहत येणाऱ्या नदीचं. तिला हे ऐकून आनंद व्हावा अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "बघा ना, आमच्या नदीचं पाणी तुम्हाला, आणि आम्हाला मिरजेचं!" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. भाड्यात हजार रुपये कमी केले.

करार झाला. अकरा महिने. घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी मालकाचा पॅन लागतो, तो तिनं मागून घेतला; वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की द्यावा लागतो. माझ्या बाजूनं भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट तीस टक्के वजावट मिळते, दुरुस्तीवर खर्च करा वा न करा. "न केला तरी?" हिनं दोनदा विचारलं. हो, न केला तरी. आयकर कायद्यातलं हे कलम लिहिणारा माणूस स्वतः घरमालक असणार.

राहायला येण्याचा दिवस तिच्या वरंगलच्या सासूबाईंनी ठरवला. मंगळवार नाही, राहुकाळ नाही. घरात दुसरं काही येण्याआधी शेगडी आली, तिच्यावर दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत सगळे भोवती उभे राहिले. भाड्याच्या घरातसुद्धा हे करतात. उतू गेलेलं दूध ओट्यावरून खाली ओघळलं आणि हिचा हात सवयीनं फडक्याकडे गेला. सासूबाईंनी तो धरला. पुसायचं नसतं म्हणे, निदान तेव्हाच नाही. वर मला त्यांनी विचारलं, दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव आहे? वडिलांचं, म्हटलं. असू द्या, म्हणाल्या, मोठ्या माणसाचं नाव दारावर असलेलं बरं. माझी अट मी सांगायच्या आधीच मान्य झाल्यानं मला थोडं चुकल्यासारखं झालं.

कोंडापूरला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर संदेश आला. आता मी 'अंकल' नव्हतो, 'ओनर सर' होतो. न्हाणीघरातला नळ थेंब थेंब गळतो, रात्री झोप लागत नाही, पाणी वाया जातं. बादली लावली आहे. लातूरच्या मुलीला तो थेंब सहन होत नव्हता. तो नळ आमच्याकडे किती वर्षं गळत होता देव जाणे. आम्हाला तो घड्याळासारखा वाटायचा, ऐकू यायचा बंद झाला होता. मी त्याच दुपारी कोंडापूरहून बरकतपुऱ्याला आलो, प्लंबरला घेऊन. आमच्या गल्लीतलाच जुना माणूस. त्यानं नळ काढला, आतला झिजलेला वायसर तळहातावर धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साब, ये तो कब का गया. आप लोगां रहते सो टाइम काय को नई बोले?"

साडेतीनशे रुपये झाले. ते भाड्यातून वेगळे वजा दाखवता येत नाहीत, ते त्या तीस टक्क्यांतच आले. मागच्या मोरीतला नळही गळतो, पण त्याबद्दल भाडेकरूनं अजून काही म्हटलेलं नाही.